जुने कपडे नकोत, ऑर्डर द्या: कंपन्यांच्या एचआर, परचेस आणि सीएसआर टीमना खुलं पत्र

नमस्कार,

पुण्या-मुंबईतल्या, चाकण-तळेगाव-रांजणगावच्या, ठाणे-बेलापूरकडच्या कंपन्यांमध्ये एचआर, अॅडमिन, परचेस (खरेदी) आणि सीएसआर (कंपनीच्या नफ्यातून करायचं समाजाचं काम) बघणाऱ्या सगळ्यांना हे पत्र आहे. सप्टेंबर सरत आला की तुमचे फोन सुरू होतात, 2 ते 8 ऑक्टोबरला दान उत्सव असतो, मागोमाग दिवाळी, तर आम्ही ऑफिसात मोठा बॉक्स ठेवतोय, स्टाफ जुने कपडे टाकेल, तुम्ही टेम्पो पाठवाल का. मी पुण्यातल्या एका वस्तीत बायकांच्या शिवण गटाचं काम बघते आणि तुमच्याकडून आलेले कपडे निवडायचं कामही आमच्याच हॉलमध्ये होतं. म्हणजे एका कोपऱ्यात मशीन चालू असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात पोती फोडलेली असतात, आणि असंही होतं की ज्या ऑफिसातून पोती आली त्याच ऑफिसच्या परचेसचा मेल येतो की तुमचा कुर्त्याचा रेट जास्त आहे, कमी करा नाहीतर दुसरा वेंडर बघतो. दोन्ही गोष्टी करणारी माणसं वेगळी असतात, एकाच मजल्यावर बसत असली तरी त्यांचं एकमेकांशी याबद्दल बोलणं होत नसावं. म्हणून सगळ्यांना एकत्रच लिहिते.

आधी पोत्यांचं. ब्लाऊज नसलेल्या साड्या, चेन तुटलेल्या जीन्स, कुठल्यातरी जुन्या इव्हेंटचे लोगोवाले टी-शर्ट, एकदाच घातलेला जड जरीचा लेहंगा, एका पायातला बूट, न धुतलेल्या चादरी, आणि वापरलेले आतले कपडेसुद्धा. चांगलंही निघतं, खूप चांगलं निघतं, काही जण इस्त्री करून घडी घालून देतात आणि ते बघूनच कळतं की देणाऱ्याने समोरच्या माणसाचा विचार केलाय. पण एकूण ढिगात असे कमी. बाकी सगळं उपसायला बायका नाकाला पदर लावून बसतात, घालण्यासारखे, दुरुस्तीचे, गोधडीचे आणि फेकायचे असे वाटे करतात. टेम्पोचं भाडं, निवडायची मजुरी, फेकायच्या ढिगाची विल्हेवाट, हे सगळं आमच्या अंगावर येतं, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये मात्र 'इतके किलो कपडे दिले' असा आकडा लागतो. किलोमध्ये मोजलेलं दान मला तरी पटत नाही. धडगावला किंवा मेळघाटात डोंगरातल्या वाडीवर जे लागतं ते म्हणजे पोरांना इलॅस्टिकच्या चड्ड्या, म्हाताऱ्यांना जाड शाल, बाळंतिणीला मऊ सुती कापड, शेतात घालायला बाईला मजबूत साडी आणि तिच्यावर मापाचा ब्लाऊज. ऑफिसातल्या माणसाची अडतीस कंबरेची फॉर्मल पँट तिथे कोण घालणार?

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच झालं, देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे गेले आणि रस्त्याच्या कडेला ढीग पडून राहिले, लोकांनी ते घेतले नाहीत, पुढे 'गूंज' संस्थेने ते गोळा करून त्यांचा उपयोग केला. आपल्याकडे 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडेही मदतीच्या सामानात असे जुने कपडे आले की घर वाहून गेलेल्या माणसालाही ते अंगावर घालवेनात. घर गेलं म्हणून माणसाची आवडनिवड आणि लाज थोडीच जाते.

गूंजचं नाव घेतलं कारण जुने कपडेच द्यायचे असतील तर ते कसे द्यावेत याचा चांगला विचार त्यांनी केलाय. अंशू गुप्तांनी 1999 मध्ये ती सुरू केली, त्यांना 2015 मध्ये मॅगसेसे मिळालं. त्यांच्या 'क्लॉथ फॉर वर्क'मध्ये गाव स्वतः ठरवतं की आपल्याला विहीर साफ करायचीय, रस्ता करायचाय, बांध घालायचाय, गावकरी ते काम करतात आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपड्यांचा संच मिळतो. कपडे तेच जुने, पण हात पसरून घेतलेले नाहीत, कमावलेले आहेत, आणि हा फरक घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

आणि खरं सांगायचं तर आपल्या घरातल्या जुन्या कपड्यांची एक जुनी, व्यवस्थित चालणारी सोय होतीच की. बोहारीण. दुपारी दारावर यायची, चार साड्या आणि दोन पँटींवर स्टीलचं पातेलं द्यायची, घासाघीस व्हायची, आजी म्हणायची डबा अजून मोठा दे, ती म्हणायची साडीला काठ विरलेत ताई. तो व्यवहार होता, उपकार नव्हते. तिने नेलेला कपडा धुऊन, रफू करून, बटणं लावून जुन्या बाजारात विकला जायचा आणि बांधकामावरचा मजूर तो स्वतःच्या पैशाने निवडून घ्यायचा. त्या बायकांचं पोट त्यावर चालायचं, अजूनही काही जणींचं चालतं, आता सोसायट्यांचे वॉचमन गेटवरच अडवतात हा भाग वेगळा. तेव्हा घरचे कपडे बोहारणीला द्या, मऊ सुती साड्या गोधडी शिवणाऱ्या गटांना द्या (शिवायची मजुरी देऊन गोधडी परत विकत घ्या, फार सुंदर होतात), आणि ऑफिसातला तो बॉक्स बंद करा. निदान 'धुतलेलं, न फाटलेलं, मी माझ्या भावाला देईन असंच' एवढी एक पाटी तरी लावा.

आता मुख्य मुद्दा. आम्हाला कपडे नकोत, काम पाहिजे.

हे मी एकटी म्हणत नाहीये. 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारला आदिवासी बायकांनी रेशनवर मिळालेल्या साड्या आणि पिशव्या तहसील कार्यालयात नेऊन परत केल्या, आम्हाला रोजगार द्या म्हणाल्या. ज्यांच्या घरी खरंच गरज आहे अशा बायका फुकटची साडी परत करतात तेव्हा त्यांचं ऐकायला पाहिजे.

आणि तुमच्याकडे काम आहे. वर्षभर तुम्ही कापड आणि शिवलेला माल विकत घेता, दिवाळीला गिफ्ट, जॉइनिंग किटमधला टी-शर्ट आणि बॅग, 8 मार्चला महिला दिनाचे टी-शर्ट, मॅरेथॉनचे, फाउंडेशन डेचे, कॅन्टीनच्या स्टाफचे अॅप्रन, पाहुण्यांना शाली, कॉन्फरन्सच्या कापडी पिशव्या. हे सगळं कुणीतरी शिवतंच. प्रश्न एवढाच की कुणी, आणि काय मिळून.

एक हिशेब करून बघू या, मी गणिताची नाही पण हा हिशेब आम्ही गटात फळ्यावर मांडतो. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण 34 किलो, बाकी बहुतेक सरकी. नेहमीच्या टी-शर्टला घट-तूट धरून पाव किलोच्या आसपास रुई लागते, म्हणजे सरकीचे पैसे वजा केले तरी नुसत्या रुईचे चाळीसेक रुपये झाले. मग सूतगिरणी, निटिंग, डाइंग, कटिंग, शिलाई, प्रिंट, पॅकिंग, ट्रान्सपोर्ट, जीएसटी, आणि मधल्या वेंडरचं मार्जिन. तुम्ही तो टी-शर्ट शंभर-सव्वाशेला मागता तेव्हा एकतर त्यात कापूस नसतो, पॉलिस्टर असतं, नाहीतर कुणाच्यातरी ताटातून काढलेलं असतं. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या, नाहीतर शिवणाऱ्या बाईच्या. वेंडर स्वतःचं मार्जिन कमी करून देतो असं तुम्हाला खरंच वाटतं का? छातीवर 'स्त्री शक्ती' छापलेल्या टी-शर्टची शिलाई बाईला किती मिळाली हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे, तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि अजूनपर्यंत एकाही परचेसवाल्याने तो प्रश्न आम्हाला विचारलेला मला आठवत नाही. रेट कमी होईल का एवढंच विचारतात.

रेट आणि डेडलाइन दाबत नेल्या की शेवटी काय होतं ते ढाक्याजवळ सावरला दिसलंय. 24 एप्रिल 2013, राणा प्लाझा. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले लोकांनी बघितले, खालच्या बँकेने आपल्या लोकांना येऊ नका सांगितलं, वरच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं कारण ऑर्डर निघायची होती. 1134 माणसं गेली, त्यात बहुतेक बायका आणि तरुण मुली. आपल्याकडे तेवढं मोठं झालं नाही म्हणून आपण बरे असं नाही. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत 'सुमंगली'च्या नावाखाली मुलींना काही वर्षं राबवून शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचा प्रकार चाललाच होता ना.

फेअर ट्रेड म्हणतात ते याच्या उलट टोकाचं आहे. लोकांना वाटतं की ते परदेशातल्या महागड्या दुकानांचं लेबल आहे, आणि जास्त करून माल तिकडे जातो हे खरंही आहे, पण त्यातल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची 10 तत्त्वं आहेत, त्यात योग्य मजुरी आहे, बालमजुरी नको हे आहे, सुरक्षित जागा आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे हस्तकलेच्या ऑर्डरला उत्पादकाने मागितलं तर निम्मे पैसे आधी, बिनव्याजी द्यायचे. कापसात तर शेतकऱ्याला ठरलेल्या किमान भावाच्या वर वेगळा प्रीमियम मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा ते शेतकऱ्यांचा गटच ठरवतो. हे सगळं आपल्याच गावात चाललेलं बघायचं असेल तर अंधेरीला 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' आहे, इझाबेल मार्टिन नावाच्या स्पॅनिश सिस्टरनी 1984 मध्ये वस्तीतल्या बायकांबरोबर सुरू केलं, आज तिथे शिवलेले कपडे युरोपात जातात. मुंबईतल्या वस्तीतल्या बाईने शिवलेला ड्रेस पॅरिसच्या बाईला चालतो तर बीकेसीच्या ऑफिसला का चालू नये? (एक सांगून ठेवते, लेबलवर 'ऑरगॅनिक' लिहिलंय म्हणजे मजुरी बरोबर दिली असा अर्थ होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही विचारा.)

आणि हा विचार परदेशातून आलेला आहे असंही समजू नका. 1935 मध्ये गांधीजींनी चरखा संघाला वर्ध्यात सांगितलं की खादी स्वस्त करायची म्हणून कातणाऱ्या बाईला कमी मजुरी देणं बंद करा, आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळायला पाहिजेत. संघाच्या लोकांनी हरकती घेतल्या की खादी महाग होईल, खप कमी होईल, अगदी आज परचेसवाले म्हणतात तेच. आठ आण्यांपर्यंत संघ पोचला नाही पण मजुरी वाढवली. विनोबा तर नालवाडीला स्वतः सूत कातून तेवढ्याच मजुरीवर जगून बघत होते. म्हणजे भाव ठरवताना आधी मजुरी आणि मग किंमत, हे आपल्या मातीतच कुणीतरी करून बघितलंय, आणि वर्ध्याचं मगन संग्रहालय आजही नैसर्गिक रंगांची खादी करतंच आहे.

हातमागाचं तर विचारूच नका. 2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांवर हातमाग कामगार निघाले, त्यातल्या 70 टक्क्यांहून जास्त बायका, आणि विणकर कुटुंबांपैकी दोन तृतीयांश घरांचं महिन्याचं उत्पन्न 5000 रुपयांच्या आत. 7 ऑगस्टला हातमाग दिवस म्हणून तुम्ही ऑफिसात साड्या नेसून फोटो काढता, छान दिसता, मी मनापासून म्हणते. पण त्या दिवशी कंपनीने स्वतः काही घेतलं का? येवल्याची पैठणी सगळ्यांना देणं परवडणार नाही हे मला कळतं. पण भंडाऱ्याकडची करवत काठी टसर मोठ्या पाहुण्याला देता येते, हातमागाचे टॉवेल, नॅपकिन, स्टोल हे तर दिवाळी गिफ्टच्या बजेटमध्ये आरामात बसतात. घेताना हँडलूम मार्क बघून घ्या, पॉवरलूमचं कापड हातमाग म्हणून सर्रास गळ्यात मारतात.

सीएसआरवाल्यांशी आता थोडं वेगळं बोलायचंय. तुमचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे शिलाई मशीन वाटप. स्टेज, बॅनर, रांगेत बसलेल्या बायका, प्रत्येकीपुढे नवीन मशीन. मग सहा महिन्यांनी त्या घरी जाऊन बघा, मशीनवर टीव्ही ठेवलेला असतो नाहीतर कपड्यांचा ढीग. बाई आळशी म्हणून नाही हो. तीन महिन्यांच्या क्लासमध्ये ती फ्रॉक आणि ब्लाऊज शिकली, पण कंपनीची ऑर्डर शिवायची तर जुकी (कारखान्यात वापरतात ते शिलाई मशीन) लागते, ओव्हरलॉक लागतं, काज-बटणाचं मशीन लागतं, कटिंग मास्तर लागतो, आणि एकसारखे पाचशे पीस काढायची सवय लागते. ती सवय क्लासमध्ये होत नाही, ऑर्डरवरच होते. पहिल्या लॉटमध्ये रिजेक्शन जास्त येतं, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात बाईचा हात बसतो. तुम्ही वीस घरांत वीस मशीन देण्यापेक्षा एका शेडमध्ये आठ जुकी, एक ओव्हरलॉक आणि लाइनीवर उभा राहून शिकवणारा सुपरवायझर वर्षभर दिलात तर जास्त बायका कमावत्या होतील. फोटो तेवढा चांगला येणार नाही, एवढं तोट्याचं.

कायद्यातही हे बसतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली जो 2 टक्के खर्च करायचा असतो त्याच्या सातव्या परिशिष्टात पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास स्पष्ट लिहिलेला आहे, उपजीविका आणि महिला सक्षमीकरणही आहे. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, म्हणजे दिवाळी गिफ्ट त्यात दाखवता येणार नाही. म्हणूनच तुम्ही दोघांनी एकत्र बसायला पाहिजे म्हणते मी. सीएसआरने शेड, मशीन आणि ट्रेनिंग द्यावं आणि एचआरने आपल्या नेहमीच्या बजेटमधून त्याच गटाला ऑर्डर द्यावी. एकाच कंपनीने हे दोन्ही केल्याचं मी क्वचितच बघितलंय.

आणि पैसे वेळेवर द्या. याच्यावर मी सगळ्यात जास्त भांडते कारण आमचे गट मोडतात ते काम नसल्यामुळे कमी आणि पैसे अडकल्यामुळे जास्त. कापड व्यापारी रोख मागतो, बायकांना शनिवारी मजुरी द्यावी लागते, आणि तुमचा क्रेडिट पिरियड 90 दिवस. त्यात वेंडर कोडला तीन आठवडे, मग पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा कागद) नंबर चुकला म्हणून बिल परत, मग अप्रूव्हर रजेवर. तोपर्यंत गटाच्या अध्यक्ष ताईने बचत गटातून कर्ज काढलेलं असतं आणि बाकीच्या बायकांना वाटतं की पैसे तिनेच खाल्ले. अशी एक चांगली चाललेली जोडगोळी, बहिणींसारख्या दोघी, एका कंपनीच्या अडकलेल्या बिलापायी एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या मी बघितल्यात. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असं आहे, करार नसेल तर 15 दिवस, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि आता तर आयकरातही तरतूद आलीय, सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरून मिळत नाही, तुमच्या फायनान्सला हे चांगलं माहीत असतं. उद्यम नोंदणी बचत गटालाही करता येते. पण नोंदणी असली तरी थकलेल्या पैशांची सरकारकडे तक्रार करायची हिंमत कुठला गट करणार, एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक जाईल ना हातचं. म्हणून हे तुमच्याकडूनच व्हायला पाहिजे.

तुम्ही म्हणाल क्वालिटी मिळत नाही, क्वांटिटी होत नाही, वेळेत येत नाही. काही वेळा खरं असतं, मी नाकारणार नाही. पण त्यावर उपाय आहेत. दहा हजार पीस एका गटाकडून मागू नका, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रभागसंघांमार्फत किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) केंद्रांमार्फत चार-पाच गटांत वाटून द्या, सॅम्पल एकच सील करा. वांद्र्याला बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं तेव्हा खरेदी टीमला एक दिवस तिथे पाठवा, राज्यभरातले गट एका जागी भेटतात. ऑर्डर द्यायला दिवाळीच्या आधी वीस दिवस उगवू नका. आणि रेट कसा ठरवायचा तर आम्हाला समोर बसवून, वेळ मोजून. समजा कुशल कारागिराचा दिवस 600 रुपये धरला आणि कॉलरचा साधा कुर्ता एक बाई आठ तासांत पाच शिवते, तर शिलाई 120 झाली, त्यावर कापड, कटिंग, धागे काढणं, प्रेस, पॅकिंग, वीज, भाडं आणि गटाचा थोडा नफा. सगळं कागदावर दाखवतो, काही लपवत नाही. तुमच्याकडे 600 जास्त वाटत असतील तर तसं त्या बाईसमोर बसून सांगा.

यंदा चार गोष्टी मागते. ऑफिसातला जुन्या कपड्यांचा बॉक्स ठेवायच्या आधी आम्हाला काय लागतं ते विचारा. दिवाळी गिफ्टचा निदान एक चतुर्थांश भाग महिला गट, हातमाग किंवा खादीकडून घ्या. पीओबरोबर निम्मा अॅडव्हान्स द्या आणि उरलेले पैसे माल पास झाल्यावर 45 दिवसांच्या आत. आणि तुमच्या नेहमीच्या टी-शर्टवाल्या वेंडरला शिलाईचा रेट आणि कारखान्याचा पत्ता लेखी विचारा, तो सांगत नसेल तर बदला त्याला.

दिवाळीचा माल वेळेवर हवा असेल तर सॅम्पल जुलैत पास व्हायला पाहिजे, कारण गणपतीत बायका आठ-दहा दिवस गावी जातात आणि नवरात्रात कापड मिळायला उशीर होतो. त्याआधी एकदा येऊन शेड बघून जा, एचआर, परचेस आणि सीएसआर तिघंही बरोबर या. सोमवार ते शनिवार दहा ते सहा आमच्या मशीन चालू असतात, कधीही आलात तरी चालेल.

आपली,
पुण्यातल्या एका महिला शिवण गटाची समन्वयक